स्टेज वन

जबलपूरची बदली आली तेव्हा एक कोर्समेट फोनवर म्हणाला, "मजा आहे तुझी, गाड्यांच्या माहेरी चाललास." खोटं नव्हतं ते. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची आणि व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. शक्तिमान इथला, जोंगा इथली. जोंगा हे नावच मुळी 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली'चं लघुरूप. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्दी घातली त्यांना जोंगाचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन आणि त्याची तहान, दोन्ही आठवत असतील. पुढे लिलावात निघालेल्या जोंगा लोकांनी हौसेनं घेतल्या आणि त्या तहानेला कंटाळून कित्येकांनी आत डिझेल इंजिन बसवलं. गाडी जशी मिळाली तशी वापरायची नाही, ही खोड या गावाला जुनीच आहे.

मी इएमईचा. खडकवासल्याला तीन वर्षं, डेहराडूनला एक, मग सिकंदराबादेत इंजिनिअरिंग. नंतरची वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांत दोष शोधण्यात गेली. युनिटच्या गाड्यांची तपासणी करायला गेलो की माझ्या वहीत एक शेरा हमखास असायचा: 'अनधिकृत फेरफार'. कुणी बंपरवर जादा दिवे लावलेले, कुणी हॉर्न बदललेला, कुणी सीटखाली स्वतःची वायर ओढलेली. ड्रायव्हर सावधानमध्ये उभा, मी शेरा लिहायचो, पुढच्या गाडीकडे वळायचो. का लावले, हे मी कधी विचारलं नाही.

आज सांगायची गोष्ट अशी, की गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी माझ्या स्वतःच्या गाडीत अनधिकृत फेरफार करून घेतला. पैसे देऊन.

गाडी साधीच. २०१३ ची व्हेंटो, १.६ लिटर टीडीआय डिझेल, चाकणला बनलेली, पुण्याच्या पोस्टिंगमध्ये घेतलेली. १०५ पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी घरी आली आणि आमच्याबरोबर चार पोस्टिंग फिरली. डिकीत ट्रंक, गॅसची शेगडी, तुळशीची कुंडी असं सगळं तिनं वाहिलं. कधी कुरकुर नाही.

मग फेरफार कशासाठी? याचं उत्तर मी बरेच दिवस चुकीचं देत होतो. मेसमध्ये एका तरुण कॅप्टनची गाडी चालवली, तीही डिझेल सेदानच, पण रिमॅप केलेली. पायाखाली असा काही रेटा आला की मी चकित झालो. तेवढंच कारण, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण सप्टेंबरमधलं होतं. नंबर थ्री बोर्डाचा निकाल लागला होता आणि कर्नलच्या यादीत माझं नाव नव्हतं. जे फौजेत होते त्यांना याहून जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की दुसऱ्या दिवशीही परेड तीच असते, सॅल्यूट तेच असतात. फक्त लोक तुमच्याशी थोडं जास्त प्रेमानं बोलतात, आणि ते प्रेम सहन होत नाही.

तर ऑक्टोबरातल्या एका रविवारी, दुसऱ्या एका शहरात, एका शेडमध्ये मी गाडी उभी केली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एका मुलानं लॅपटॉप जोडला. चहा येऊन संपेपर्यंत काम झालंसुद्धा. "सर, स्टेज वन झालं. १०५ चे १३५, २५० चे ३२०. बोल्टसुद्धा खोलला नाही."

हे 'स्टेज' प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टेज वन म्हणजे फक्त इंजिनच्या संगणकातला प्रोग्राम बदलायचा. स्टेज टू म्हणजे त्याच्या जोडीला एअर फिल्टर, सायलेन्सरची नळी, इंटरकूलर असे भाग बदलायचे. स्टेज थ्री म्हणजे टर्बोच मोठा बसवायचा. साध्या पेट्रोल इंजिनात, जिथं टर्बो नाही, तिथं नुसत्या प्रोग्रामनं फारसं काही हाती लागत नाही. टर्बो डिझेलमध्ये मात्र लागतं. टर्बो किती दाबानं हवा आत ढकलणार, प्रत्येक स्ट्रोकला किती डिझेल फवारलं जाणार आणि टॉर्क कुठे थांबवायचा, हे सगळं त्या संगणकातल्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. रिमॅप म्हणजे त्या तक्त्यांतले आकडे वाढवणं.

मग कारखान्यानंच ते आकडे वाढवून का दिले नाहीत? हाच प्रश्न मला एखाद्या क्राफ्ट्समननं विचारला असता तर मी अर्धा तास लेक्चर दिलं असतं. कारखाना कंजूष नसतो. हेच इंजिन युरोपात ७५ आणि ९० पीएसलाही विकलं गेलं. आकडा ठरवताना कारखान्यासमोर एक गाडी नसते, लाखभर गाड्या असतात. त्यातली एखादी मे महिन्यात जबलपूरच्या पंचेचाळीस अंशांत पाच माणसं घेऊन घाट चढत असते, तिचा फिल्टर वर्षभर बदललेला नसतो, टाकीत कुठल्या तरी पंपावरचं मळकं डिझेल असतं, आणि तरीही ती दोन लाख किलोमीटर चालायला हवी असते. मधे जी जागा सोडलेली दिसते ती फुकट पडलेली नसते. ती त्या वाईट दिवसासाठी राखून ठेवलेली असते.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी पैसे दिले, हे नोंदवून ठेवतो.

पहिले दोन महिने मात्र झकास गेले, तेही खोटं बोलणार नाही. सकाळी भेडाघाटच्या रस्त्यावर गाडी नुसती तरंगायची. पूर्वी ओव्हरटेक करायचा तर चौथ्यातून तिसऱ्यात यावं लागे. आता चौथ्यातच पाय दाबला की ट्रक मागे. आरशात थोडा काळा धूर दिसायचा, तिकडे मी बघत नसे. नागपूरला जाऊन आलो तेव्हा सिवनीच्या पुढे एकदा पाचव्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा क्षणभर वर उडाला आणि गाडीचा वेग तिथंच राहिला. एकदाच. मी रेडिओचा आवाज वाढवला.

डिसेंबरमध्ये अण्णा आणि आई कराडहून आले. अण्णा एसटीत होते, कराड डेपोत, चौतीस वर्षं. प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले. अण्णांनी आयुष्यात स्वतःची चारचाकी घेतली नाही; पण मी लहान असताना रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, स्टँडकडे वळणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते सांगत, "ही पाटणची. हिचा दुसऱ्या नंबरचा इंजेक्टर गेलाय."

आईला वाघ बघायचा होता. म्हणून कान्हा ठरलं. जबलपूरहून मंडला आणि तिथून पुढे. यातल्या बरेला ते मंडला या तुकड्याबद्दल खुद्द नितीन गडकरींनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंडल्याच्या सभेत जाहीर माफी मागितली होती, एवढं सांगितलं की त्याची ख्याती कळेल. दोन पदरी रस्ता, मधे दुभाजक नाही, दोन्ही बाजूंना साल आणि साग. गाडीत आम्ही पाच जण. अण्णा पुढे, मागे आई, बायको आणि मुलगी. डिकी गच्च.

संध्याकाळ होत आली होती. चढावर पुढे बांबू भरलेला ट्रक होता, मागे लाल फडकं बांधलेला. दोन-तीन किलोमीटर त्याच्या मागे गेलो. मग एक सरळ तुकडा दिसला. समोर मोकळं होतं. मी चौथ्यातच होतो, आणि सवयीनं चौथ्यातच राहिलो. उजवीकडे काढली आणि पाय दाबला.

इंजिन ओरडलं. काटा दोन हजारावरून साडेतीन हजारावर गेला. गाडी मात्र होती त्याच वेगानं चालत राहिली, ट्रकच्या बरोबर मधोमध. माझ्या डावीकडे बांबूंची टोकं हलत होती. आणि समोरच्या वळणातून बस आली, दिवे लावलेली.

त्या वेळात नेमकं काय केलं ते मला क्रमानं आठवत नाही. पाय काढला, ब्रेक दाबला, एवढं आठवतं. ट्रकवाल्यानं काय ओळखलं कोण जाणे. त्यानं ट्रक डावीकडे मातीत घेतला आणि वेग वाढवला, म्हणजे मला मागे घुसायला जागा झाली. बस हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. तिच्या वाऱ्यानं आमची गाडी हलली. आत कोणी ओरडलं नाही. आई पुटपुटत होती, तेवढाच आवाज.

अण्णा समोर बघत म्हणाले, "क्लच घसरतोय. बाजूला घे."

बाजूला घेतली. बॉनेटमधून तो वास येत होता, जळक्या लाइनिंगचा. एकदा नाकात बसला की तो आयुष्यभर विसरत नाही. मुलीनं विचारलं, "बाबा, काय झालं?" मी बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "काही नाही बाळा. गाडी दमलीय. जरा बसू देत." मग सगळे उतरून झाडाखाली गेले आणि अण्णा माझ्याजवळ आले.

"पंप वाढवलास?"

हा शब्द मी वीस-पंचवीस वर्षांनी ऐकला. जुन्या डिझेल गाड्यांत जास्तीत जास्त किती डिझेल सुटायचं हे पंपावरच्या एका स्क्रूनं ठरत असे, आणि तो स्क्रू कोणी फिरवू नये म्हणून त्याला शिशाचं सील असे. सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी पळायची, धूर ओकायची आणि काही महिन्यांत कामाला यायची. अण्णांच्या डेपोत सील तुटलेली गाडी आली की पहिला प्रश्न ड्रायव्हरला असायचा.

"आता पंपाचं तसं नसतं, अण्णा. सॉफ्टवेअर असतं," मी म्हणालो.

"नाव बदललं. सील तेच," अण्णा म्हणाले आणि झाडाखाली जाऊन बसले.

अर्ध्या तासानं निघालो. खालच्या गिअरमध्ये हलक्या पायानं, चाळीसच्या वर न जाता मंडला गाठलं. पुढचा प्रवास भाड्याच्या गाडीनं केला. आईला वाघ दिसला नाही, बारशिंगे दिसले. कान्हाचे बारशिंगे दिसणं हेही भाग्यच म्हणायचं, पण त्या दोन दिवसांत मी जंगलाकडे कमी आणि आईच्या हाताकडे जास्त बघत होतो. वाटेत तिनं पुढच्या सीटची पाठ धरली होती, ती इतकी घट्ट की बोटांवर वळ उठला होता.

परत आल्यावर सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये क्लच उतरवला. आमचे एक सुभेदार साहेब सोबत आले होते, कांगड्याचे, तीस वर्षं गाड्यांत घालवलेले. क्लच प्लेट हातात घेतली तर तिच्यावर निळे डाग, लाइनिंग जळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. त्यांनी प्लेट उलटीसुलटी केली, माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "साहब, इंजन को तो आपने पूछ लिया। बाकियों से किसी ने पूछा ही नहीं।"

यात अख्खं इंजिनिअरिंग आलं. क्लच म्हणजे दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. प्रेशर प्लेटची स्प्रिंग किती जोरानं दाबते आणि लाइनिंग कसं आहे, यावर तो किती टॉर्क पेलणार हे ठरतं. २५० ला पुरून थोडं उरेल असा तो बनवलेला असतो. लाखभर किलोमीटर झिजलेल्या क्लचकडे तेवढंही उरत नाही. त्याच्यावर ३२० टाकले, तेही वरच्या गिअरमध्ये, चढावर, पाच माणसांच्या वजनासकट. गाडी मोडली नाही, कंपनी चुकली नाही. जे मागितलं ते तिला कधी देताच येणार नव्हतं. आणि ही फक्त क्लचची गोष्ट. ब्रेक तेच होते, मागच्या चाकांना ड्रमच. ताशी ८० ऐवजी १०० नं जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला दीडपटीहून जास्त ऊर्जा गिळावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. टायर पाच वर्षांचे होते. शॉक ॲब्झॉर्बर किती वर्षांचे, हे मलाच आठवत नव्हतं.

मजा म्हणजे, मूळ वस्तूत बदल करणं यात फौजेला काही वावडं नाही. जबलपूरची तर ती रोजीरोटी आहे. 'शारंग' तोफ हे इथलंच काम: १३० मिलिमीटरची जुनी रशियन तोफ घ्यायची आणि तिला १५५ मिलिमीटरची करायची. पल्ला २७ किलोमीटरवरून ३६ च्या पुढे जातो. पण म्हणून कोणी नुसती नळी बदलून मोकळं होत नाही. धक्का वाढतो, तो पेलणारी यंत्रणा बघावी लागते, गाडा बघावा लागतो, मग वाळवंटात आणि बर्फात गोळे झाडून बघावे लागतात. टी-७२ रणगाड्यासाठी २०२५ च्या मार्चमध्ये १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार झाला. आधीचं इंजिन ७८० चं. टक्क्यांत काढलं तर वाढ २८ टक्के. माझ्या गाडीचा टॉर्क वाढला तोही बरोबर २८ टक्के. फरक इतकाच, की तिकडे असा निर्णय वर्षानुवर्षांच्या अभ्यासानं होतो. माझा एका कपभर चहात झाला.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण तरुण वाचकांचे प्रश्न येतीलच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकाला ठेवली. आणि विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर दाव्याचं काय होईल, याचा विचार आधी करावा. त्या बसच्या समोर मी हा विचार केला नव्हता.

गाडी पुन्हा मूळ प्रोग्रामवर आणली. क्लचचा पूर्ण सेट आणि मजुरी मिळून रिमॅपच्या दुप्पट खर्च आला. मग सुभेदार साहेबांच्या यादीप्रमाणे एक एक काम काढलं: चार नवे टायर, त्याच मापाचे, पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, चारही शॉक ॲब्झॉर्बर, हेडलाइटची दिशा, एअर फिल्टर. यातल्या एकाही गोष्टीनं एक पीएस वाढला नाही. गाडी मात्र बारा वर्षांपूर्वीसारखी झाली. खरं सांगायचं तर ती कमजोर कधी नव्हतीच, दुर्लक्षित होती. ज्या पैशांत मी तिची ताकद वाढवली त्या पैशांत आधी तिची सेवा केली असती, तर कदाचित मला ताकद कमी वाटलीच नसती.

जायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांना ग्वारीघाटावर घेऊन गेलो. नर्मदेची आरती सुरू व्हायची होती. पायऱ्यांवर बसल्यावर मी त्यांना बोर्डाचं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ पाण्यावरच्या दिव्यांकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "गाडी वेळेवर पोचली की मेकॅनिकला कोणी विचारत नाही. विचारलं नाही म्हणजे काम चांगलं चाललंय, असं मी धरायचो." थोड्या वेळानं पुन्हा, "पण वाईट वाटायचं. नाही असं नाही." चौतीस वर्षांत त्यांना वाईट वाटत असेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. खांद्यावर एक स्टार जास्त असता तर मी ते विचारलं असतं का, कोण जाणे.

बोर्डासमोर अजून दोनदा नाव जाईल. जाऊ दे. तोवर मुलीचं लर्निंग लायसन्स आलं आहे. रविवारी सकाळी छावणीतल्या रिकाम्या रस्त्यावर ती चालवते, मी शेजारी बसतो. "बाबा, ही पटकन उचलत नाही," तिची तक्रार. मी सांगतो, "उचलते. तिसऱ्यात ये, मग बघ." ती गिअर टाकते आणि गाडी उचलते.

गेल्या महिन्यात एका युनिटच्या गाड्या तपासायला गेलो होतो. एका ट्रकच्या बंपरवर दोन पिवळे दिवे, घरगुती वायरिंग केलेले. वही उघडली, शेरा लिहिला: 'अनधिकृत फेरफार'. मग पेन थांबवलं आणि त्या पोरगेल्या ड्रायव्हरला विचारलं, "क्यों लगाए?"

तो दचकला. बहुधा पहिल्यांदाच कोणी विचारलं असावं. "साब, सुबह चार बजे राशन लेने जाते हैं। कोहरे में कुछ दिखता नहीं।"

हेडलाइट तपासले. दोन्हींचे रिफ्लेक्टर पार काळे पडले होते. त्याचे दिवे काढायला लावले, रिफ्लेक्टर बदलायची मागणी त्याच दिवशी माझ्या सहीनं पाठवली आणि वहीत शेऱ्याखाली कारणही लिहिलं.